गृहसंगणकांचा जीर्णोद्धार

१९८२ च्या एप्रिल महिन्यात क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या केंब्रिज येथील कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा जो लहानसा संगणक ब्रिटिश जनतेपुढे ठेवला, त्याची किंमत सोळा किलोबाइट स्मृतीसह १२५ पौंड व अठ्ठेचाळीस किलोबाइट स्मृतीसह १७५ पौंड इतकी होती. आणि ज्या काळी संगणक ही बँका, विद्यापीठे व सरकारी खाती यांच्या वातानुकूलित दालनांत नांदणारी, सामान्य माणसाने दुरूनच पाहावी अशी वस्तू होती, त्या काळी बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबातील मुलाला रबरी कळांची ती काळी पेटी घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडून स्वतः आज्ञावली लिहिता यावी, हा व्यवहारातला फार मोठा पालट होता. स्कॉटलंडमधील डंडी शहरी मनगटी घड्याळे तयार करणाऱ्या टायमेक्सच्या कारखान्यात ही यंत्रे जोडली जात. १९८६ साली सिंक्लेअर यांनी आपला संगणकाचा कारभार ॲम्स्ट्रॅड कंपनीला ५० लाख पौंडांस विकला, पुढे काही वर्षांनी उत्पादनही थांबले, आणि तोवर घरोघर पोहोचलेल्या लक्षावधी पेट्या, ज्या मुलांसाठी त्या घेतल्या होत्या ती मुले नोकरीधंद्याला लागल्यावर, माळ्यावरच्या खोक्यांत जाऊन पडल्या.

या पेट्या खोक्यांतून बाहेर काढून, त्यांचे अंतरंग स्वच्छ करून, मेलेले भाग बदलून त्या पुन्हा चालू करण्याचा छंद गेल्या तीस-पस्तीस वर्षांत युरोप-अमेरिकेत रुजला व फोफावला. बालपणाची ओढ हे त्याचे एक कारण खरेच; परंतु तेवढ्यावरच त्याची बोळवण करणाऱ्यांनी दुरुस्तीचे काम जवळून पाहिलेले नसावे, असे मला वाटते. कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूची किंमत जाहिरातीत छापली जाते, विक्रीचे आकडे हिशेबाच्या वह्यांत राहतात; पण ती वस्तू त्या किमतीत बसवण्यासाठी कोणी कोठे काटकसर केली, कोणता भाग स्वस्तात घेतला व कोणता गाळला, याचा दस्तऐवज बहुधा त्या वस्तूच्या पोटातच असतो. तो वाचण्याची पाळी दुरुस्ती करणाऱ्यावर येते, कारण यंत्र बहुधा जेथे काटकसर झाली तेथेच मरते. म्हणून जुन्या संगणकांच्या दोषांचा इतिहास हा त्यांच्या निर्मितीचा इतिहास आहे, आणि तो आजवर जितका लिहिला गेला आहे त्यातला मोठा वाटा हौशी माणसांचा आहे.

दुरुस्तीची वहिवाट जीर्णोद्धाराच्या छंदाहून पुष्कळ जुनी. १९७५ च्या जानेवारीत एका अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० हा संगणक झळकला, तो सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने विकला जाई. घेणाऱ्याने तो घरी बसून जोडावयाचा, आणि न चालल्यास चूक आपली की कारखान्याची, हे आपणच शोधावयाचे. त्याच वर्षी ५ मार्च रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक भरली, तीत जमलेल्या मंडळींमध्ये मालक, जोडारी व दुरुस्ती-कारागीर असा भेद नव्हताच. याच मंडळीतील स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी रचलेला पहिला ॲपल १९७६ साली ६६६.६६ डॉलरांस विकला गेला, तो म्हणजे नुसता जोडलेला बोर्ड. पेटी, कळफलक व वीजपुरवठा ग्राहकाने मिळवावयाचा. सिंक्लेअर यांचाही १९८१ चा झेडएक्स ८१ तयार स्वरूपात ६९.९५ पौंडांस, तर सुट्या भागांत ४९.९५ पौंडांस मिळे. म्हणजे या यंत्रांच्या जन्मकाळी सोल्डरिंग आयर्न हाती धरणे ही मालकीची जणू एक अटच होती. शिवाय उत्पादकही पुष्कळ मोकळे होते. ॲपल २ च्या पुस्तिकेत संपूर्ण विद्युत-आराखडा छापलेला असे. १९८१ साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत आराखड्यांबरोबर मूळ आज्ञावलीचा मजकूरही ओळीने दिलेला होता. स्पेक्ट्रमच्या बाबतीत हे औदार्य कंपनीने तितके दाखवले नाही, तरी इयान लोगन व फ्रँक ओहारा या दोघांनी १९८३ साली त्याच्या कायम स्मृतीतील सगळी आज्ञावली उलगडून, प्रत्येक ओळीवर टीप लिहून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. आज चाळीस वर्षांनंतर जो कोणी स्पेक्ट्रम दुरुस्त करावयास बसतो तो या पुस्तकाचा ऋणी असतो.

आता ती पेटी उघडून पाहू. तळाचे पाच स्क्रू काढून वरचे झाकण उचलताना फार जपावे लागते, कारण कळफलकापासून बोर्डापर्यंत आलेल्या प्लास्टिकच्या दोन पातळ पट्ट्या काळाने इतक्या ठिसूळ झालेल्या असतात की किंचित वाकवताच त्या तुटतात. आत एकच बोर्ड. त्यावर साडेतीन मेगाहर्ट्झ वेगाने चालणारा झेड ८० प्रक्रियक, कायम स्मृतीची एक चिप, फेरांटी कंपनीने सिंक्लेअरसाठी खास घडवलेली एक मोठी चिप, आणि स्मृतीच्या चिपांच्या दोन रांगा. या दोन रांगांकडे लक्ष द्यावे. खालच्या सोळा किलोबाइटांसाठी ४११६ जातीच्या आठ चिपा आहेत. वरच्या बत्तीस किलोबाइटांसाठी ज्या आठ चिपा आहेत त्या मात्र मुळात चौसष्ट किलोबिटांच्या म्हणून घडवलेल्या असून कारखान्यातल्या तपासणीत त्यांचा अर्धा भाग सदोष ठरलेला आहे. असा माल टाकून देण्याऐवजी त्याचा चांगला अर्धा भाग निम्म्या क्षमतेची चिप म्हणून स्वस्तात विकला जाई, आणि सिंक्लेअर यांनी तो घेतला. कोणता अर्धा भाग चांगला, वरचा की खालचा, हे ठरवण्यासाठी बोर्डावर तारेचा एक छोटा दुवा ठेवलेला असे. आठही चिपा एकाच प्रकारच्या निवडून बसवायच्या आणि त्यानुसार दुवा इकडे किंवा तिकडे जोडावयाचा. १७५ पौंडांत अठ्ठेचाळीस किलोबाइट कसे बसले, याचे जे उत्तर त्या एक सेंटिमीटरच्या तारेत सापडते ते त्या काळच्या कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही.

खालच्या रांगेची हकीकत याहून उद्बोधक आहे. ४११६ ही चिप तीन निरनिराळ्या विद्युतदाबांवर चालते : अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच व्होल्ट. भिंतीकडून पेटीत येतो तो फक्त नऊ व्होल्टचा पुरवठा. त्यातून बारा आणि उणे पाच व्होल्ट निर्माण करण्यासाठी बोर्डावरच एक वेटोळे आणि दोन ट्रान्झिस्टर यांची तुटपुंजी व्यवस्था केलेली आहे. तिच्यातला एक ट्रान्झिस्टर गेला म्हणजे उणे पाच व्होल्ट नाहीसे होतात. ते नाहीसे होऊन बारा व्होल्ट तसेच राहिले तर चिपेतून भलताच प्रवाह वाहू लागतो, ती तापते व मरते. आणि मेलेली चिप आतून जुळून गेली की तिच्या भाराखाली बदललेला नवा ट्रान्झिस्टरही जळतो. या परस्परघाताची सुरुवात पुष्कळदा कोठून झालेली असते? स्पेक्ट्रमला वीज चालू-बंद करण्याचे बटणच नव्हते. काटकसरीत तेही गेले होते. पेटीच्या पाठीमागे बोर्डाची कडा उघडी ठेवलेली असून तिच्यावरच खेळाच्या दांड्याचा जोड सरकवून बसवावा लागे. वीज चालू असता तो जोड हलला किंवा ओढला गेला, तर नको त्या दोन तारा क्षणभर एकमेकींना चिकटत आणि तो ट्रान्झिस्टर बळी जाई. म्हणून आज ज्या बोर्डावर जळका ट्रान्झिस्टर व त्यामागोमाग मेलेली एक-दोन ४११६ सापडतात, त्या बोर्डावर बहुधा १९८४-८५ सालच्या एखाद्या संध्याकाळी एका मुलाने घाईघाईने खेळाचा जोड उपटल्याची नोंद असते. ती नोंद इतर कोणत्याही दप्तरात नाही.

अशा बोर्डावर काम करणाऱ्याची पद्धत पाहण्यासारखी असते. तो प्रथम वीज लावीत नाही. मल्टिमीटरने बारा व्होल्टच्या वाटेवर कोठे आडजोड झाला आहे का ते पाहतो, मगच पुरवठा देतो आणि ४११६ च्या पहिल्या पायावर उणे पाच, आठव्यावर बारा, नवव्यावर पाच व्होल्ट आहेत की नाहीत हे एकेका चिपेवर तपासतो. त्यानंतर बोटाचे टोक रांगेवरून हलके फिरवतो. शेजारणींपेक्षा जी चिप अधिक तापलेली लागते तिच्यावर पहिला संशय. पडद्यावर नुसते रंगीत चौकोन वा उभे पट्टे गोठून राहिले असतील तर दोष खालच्या स्मृतीत असण्याचा संभव फार. वरची स्मृती गेली असेल तर यंत्र तक्रार न करता आपण सोळा किलोबाइटांचेच आहोत असे समजून चालू लागते, कारण चालू होताना ते स्मृती मोजीत जाते आणि पहिला बिघाड आला की तेथेच थांबते. जुनी चिप काढताना सोळाही पाय कापून एकेक पाय चिमट्याने धरून डाख वितळवून बाहेर ओढणे, यात चिप जाते पण बोर्डावरचा तांब्याचा पातळ थर वाचतो; चिप वाचवण्याच्या लोभाने बोर्ड उखडणे हा नवख्यांचा ठरलेला अपराध. मोकळ्या जागी सॉकेट बसवून नवी चिप लावली, ट्रान्झिस्टर बदलले, दाब पुन्हा मोजले, की मग दूरचित्रवाणीचा पडदा आधी काळा व नंतर पांढरा होतो आणि तळाशी कंपनीच्या स्वामित्वाची १९८२ सालची ती एक ओळ उमटते. त्या ओळीने होणारा आनंद मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर मी पाहिला आहे, आणि तो उसना नसतो.

स्मृतीच्या चिपा आजही कोठे ना कोठे मिळतात. फेरांटीची ती मोठी चिप मात्र मिळत नाही. अर्धवट घडवलेल्या सिलिकॉनवर धातूचा शेवटचा थर तेवढा ग्राहकाच्या मागणीप्रमाणे द्यावयाचा, या युक्तीने फेरांटी थोडक्या खर्चात खास चिपा करून देत असे, आणि झेडएक्स ८० मधील एकवीस चिपांचे काम झेडएक्स ८१ मध्ये चारांवर आले ते याच युक्तीमुळे. पुढे १९९३ साली फेरांटीचे दिवाळे निघाले, मूळ घडणीची साधने नाहीशी झाली, आणि ही चिप गेलेला स्पेक्ट्रम म्हणजे दुसऱ्या स्पेक्ट्रमचा जीव घेतल्यावाचून न उठणारा, अशी स्थिती झाली. या ठिकाणी छंदाने जे केले ते कोणत्याही संशोधन-संस्थेला भूषण ठरावे. ख्रिस स्मिथ या ब्रिटिश अभियंत्याने त्या चिपेचे अंतरंग उघडून, सूक्ष्मदर्शकाखालील छायाचित्रांवरून तिच्यातील एकेक द्वार ओळखून काढले व तिची संपूर्ण रचना २०१० साली पुस्तकरूपाने मांडली. एवढ्यावर न थांबता, बाजारात मिळणाऱ्या साध्या तर्क-चिपांतून स्पेक्ट्रमचे हुबेहूब काम करणारा बोर्डही रचून दाखवला. ज्या विद्येला कारखान्यानेच मूठमाती दिली होती ती अशी दुसऱ्यांदा प्राप्त करून घेतली गेली.

इतर यंत्रांचे रोग निराळे, पण त्यांचेही मूळ असेच शोधता येते. १९८२ सालचा कमोडोर ६४ आपल्या वीजपुरवठ्याच्या हातून मरतो : त्याची बाहेरची वीटेसारखी पेटी आतून राळेने भरून टाकलेली असल्यामुळे ती तापते व उघडता येत नाही, आणि तिच्यातला नियंत्रक निकामी होऊन पाच व्होल्टऐवजी अधिक दाब सोडू लागला की संगणकातील चिपा जळतात, म्हणून जाणते लोक मूळचा पुरवठा मोजल्याशिवाय कधीच जोडीत नाहीत. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यात रिफा या नावाचे कागदी कपॅसिटर असतात. त्यांचे पारदर्शक कवच वर्षानुवर्षांनी तडकते, कागदात हवेतील ओल शिरते, आणि एखाद्या दिवशी यंत्र चालू केल्यावर थोड्याच वेळात खोलीभर दुर्गंधी धूर पसरतो, ज्याने यंत्राचे सहसा नुकसान होत नाही पण मालकाचे काळीज हलते. १९८० च्या दशकाच्या शेवटी बोर्डाच्या पृष्ठभागावरच जोडण्याचे जे लहान इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर रूढ झाले ते गळून त्यांतील द्रव तांब्याच्या रेघा खातो, आणि मॅकिंटॉश एसई/३० सारखी उत्तम यंत्रे त्यामुळे मुकी झालेली आढळतात. सर्वांत घातक म्हणजे घड्याळ चालू ठेवण्यासाठी बोर्डावर जोडलेली निकेल-कॅडमियमची पिंपासारखी गोल बॅटरी. अमिगाच्या काही प्रकारांत, ॲकॉर्नच्या उत्तरकालीन यंत्रांत आणि २८६-३८६ जातीच्या असंख्य बोर्डांवर ती आहे. तिच्यातून पाझरणारा क्षार बोर्डावरून पसरत जाऊन सॉकेट, चिपांचे पाय व तांबे यांचा हिरवा-निळा चुरा करतो, आणि हे सारे यंत्र बंद अवस्थेत कपाटात स्वस्थ पडलेले असताना घडते.

पेट्यांच्या पिवळेपणाची कथा थोडक्यात सांगतो. त्या काळच्या प्लास्टिकात आग रोखण्यासाठी ब्रोमीनयुक्त द्रव्ये घालीत; उजेड व उष्णता यांनी ते प्लास्टिक पिवळट-तपकिरी पडते. २००८ साली हायड्रोजन पेरॉक्साइड व अतिनील किरण यांनी मूळ रंग परत आणण्याची रीत हौशी मंडळींत प्रचारात आली, आणि काही काळ सर्वांनी तिचा उदोउदो केला. मला ती फारशी मान्य नाही. पुष्कळ पेट्यांवर पिवळेपणा काही वर्षांनी परततो, काहींवर पांढरे ओघळ कायमचे राहतात, आणि रंग जसा होता तसा न राहणे ही यंत्राच्या चालण्याला बाधा आणणारी गोष्ट नव्हे.

वैयक्तिक संगणकांच्या या छंदाला पद्धतीची शिस्त मिळाली ती बव्हंशी त्याच्या वडीलधाऱ्या शाखेकडून, म्हणजे खोलीएवढ्या जुन्या यंत्रांवर काम करणाऱ्यांकडून. ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटी व लंडनचे सायन्स म्युझियम यांनी मिळून १९८९ साली कॉम्प्युटर कन्झर्व्हेशन सोसायटी स्थापन केली आणि निवृत्त अभियंत्यांना त्यांचीच तरुणपणीची यंत्रे पुन्हा हाती दिली. ब्लेचली पार्क येथे टोनी सेल यांनी १९९३ मध्ये कोलोसस या युद्धकालीन संकेतभेदक यंत्राची पुनर्रचना हाती घेतली, तेव्हा मूळ यंत्रे मोडली गेली होती व आराखडे सरकारी हुकमाने नष्ट झाले होते; मोजकी छायाचित्रे आणि जुन्या अभियंत्यांनी जपून ठेवलेले कागदांचे तुकडे यांच्या आधारे हे काम २००७ मध्ये पुरे झाले. त्याच स्थळी १९५१ चे हार्वेल डेकाट्रॉन हे यंत्र, आठशेहून अधिक डेकाट्रॉन नळ्यांसह, बहुतांश मूळच्या भागांनिशी दुरुस्त होऊन २० नोव्हेंबर २०१२ रोजी पुन्हा चालू झाले. अमेरिकेत १९९७ पासून व्हिन्टेज कॉम्प्युटर फेस्टिव्हल या नावाने मेळे भरू लागले, आणि तेथे घरगुती यंत्रेही आदराने मांडली जाऊ लागली.

कोलोसस व हार्वेल डेकाट्रॉन या दोन उदाहरणांत एक वाद दडलेला आहे आणि तो छंदाच्या मुळाशी जातो. संग्रहालयांचे रक्षक म्हणतात, वस्तूतील प्रत्येक मूळ भाग हा पुरावा आहे, तो बदलला की पुरावा गेला; कारागीर म्हणतात, संगणक ही पाहण्याची नव्हे तर चालण्याची वस्तू आहे, न चालणारा संगणक म्हणजे अर्धाच संगणक. माझे मत कारागिरांच्या बाजूचे आहे, पण एका अटीवर. देवळाचा जीर्णोद्धार करताना जुना कोरीव दगड काढून नवा बसवला तरी जुना दगड जसा आवारात मांडून ठेवण्याची चाल आहे, तसे काढलेला प्रत्येक भाग, मग तो जळका ट्रान्झिस्टर असो की फुटका कपॅसिटर, तारीख व जागा लिहून त्याच पेटीच्या खोक्यात ठेवला पाहिजे. वर ज्या अर्ध्या मेलेल्या चिपांची हकीकत सांगितली, त्या सरसकट काढून त्यांच्या जागी आजची एकच नवी चिप लावण्याची सोय आता झाली आहे. यंत्र तिने अधिक विश्वासाने चालते हे खरे, पण जुन्या आठ चिपा केराच्या टोपलीत गेल्या तर सिंक्लेअर यांच्या काटकसरीचा पुरावाही त्यांच्याबरोबर जातो. बाजारभावाने या बेपर्वाईत आणखी भर घातली. पहिल्या ॲपलचा एक बोर्ड २०१४ च्या ऑक्टोबरात लिलावात ९,०५,००० डॉलरांस हेन्री फोर्ड संग्रहालयाने घेतला, आणि तेव्हापासून जुनी यंत्रे लौकर चकचकीत करून विकणारे पुष्कळ निर्माण झाले आहेत.

आपल्याकडे हा इतिहास निराळ्या वाटेने आला. १९८४-८५ साली केंद्र सरकारने क्लास या नावाने शाळांतून संगणक-साक्षरतेची योजना सुरू केली, तीत देशातील सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो यंत्रे मिळाली. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने हीच यंत्रे परवान्याने येथे तयार करण्यास घेतली. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने स्पेक्ट्रम प्लस परवान्याने बाजारात आणला. आयातीवरील निर्बंध व जकात यांच्या त्या काळात बिघडलेला बोर्ड फेकून नवा लावणे परवडणारे नव्हते, त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीवर हात बसलेल्या कारागिरांनी संगणकाचा एकेक सुटा भाग बदलण्याची विद्या गरजेपोटी संपादन केली. युरोपातील हौशी माणूस आज जे पुस्तकांवरून शिकतो ते या लोकांना पोटासाठी येत होते. पण यंत्रे मात्र येथे थोडीच उरली. जागेची टंचाई, पावसाळ्याची ओल आणि वजनावर पैसे देणारा भंगारवाला, या तिघांनी मिळून शाळांतले, कचेऱ्यांतले व घरांतले जुने संगणक निकालात काढले.

आणि येथे मराठी वाचकाशी थेट संबंध येतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे पंधरा-वीस वर्षे, मराठी मजकूर संगणकावर उतरवला गेला तो निरनिराळ्या, एकमेकांना न समजणाऱ्या संकेतांत. कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले व पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट कार्ड हे संगणकाच्या बोर्डावरील खाचेत बसवावे लागे, तेव्हा डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. अक्षरजुळणीच्या काही आज्ञावलींना प्रिंटरच्या जोडणीत अडकवण्याचे छोटे कुलूप लागे. ते नसेल तर आज्ञावली उघडतच नसे. छोट्या मुद्रणालयांत, साप्ताहिकांच्या कचेऱ्यांत, सहकारी संस्थांत अशा रीतीने जुळवलेला मजकूर फ्लॉपींवर राहिला, आणि ती फ्लॉपी वाचावयास तिच्या जातीचा चालू ड्राइव्ह, तो जोडण्याजोगा बोर्ड, त्यात बसणारे ते कार्ड किंवा ते कुलूप, आणि त्या काळची आज्ञावली, इतकी सगळी सामग्री एकत्र जुळून यावी लागते. यांतला एक दुवा जरी तुटला तरी मजकूर हाती लागणे फार कठीण होते. संगणक दुरुस्त करण्याचा छंद ज्यांना पोरखेळ वाटतो त्यांनी आपल्या भाषेच्या अलीकडच्या इतिहासाचा किती भाग अशा खोक्यांत अडकला आहे याचा विचार करावा.

म्हणून ज्यांच्या घरी, छापखान्यात किंवा संस्थेच्या कोठीत असा एखादा जुना संगणक पडून असेल त्यांना माझी विनंती आहे. तो चालतो का हे पाहण्यासाठी एकदम वीज लावू नका. पेटी उघडून बोर्डावर गोल बॅटरी दिसली तर ती जाणत्याकडून आजच काढून घ्या. क्षार पसरलेला असल्यास पातळ व्हिनेगरने पुसून, पाण्याने धुऊन बोर्ड पूर्ण वाळवा. फ्लॉपी ओलीपासून दूर, कोरड्या डब्यात ठेवा; त्यांवर बुरशीचे ठिपके दिसत असतील तर त्या ड्राइव्हमध्ये घालू नका, एका फ्लॉपीची बुरशी ड्राइव्हच्या डोक्याला लागून पुढच्या फ्लॉपीचाही नाश करते. खाचेतले अनोळखी कार्ड किंवा प्रिंटरच्या तोंडाशी अडकलेला छोटा जोड निरुपयोगी समजून टाकू नका. यंत्र कोणाचे होते, कोणत्या सालापासून कोणत्या कामाला वापरले, कोणती आज्ञावली त्यावर चाले, हे एका कागदावर लिहून तो आत चिकटवा, आणि भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी दुरुस्तीची आवड असलेल्या एखाद्या माणसाला ते एकवार दाखवा.